अंगाएवढी कोरडी जमीन

पाऊलवाट | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला तेव्हा सगळे आडोशाला पळत होते आणि मी टेकडीवरच्या कातळावर मुद्दाम उताणा पडत होतो. वेड लागलेलं नाही. अँडी गोल्ड्सवर्दी नावाचा ब्रिटिश कलाकार १९८४ पासून हे करत आलाय. पावसाचे पहिले थेंब पडायला लागले की जमिनीवर आडवं व्हायचं, भोवतालची जमीन भिजेपर्यंत हलायचं नाही, मग अलगद उठायचं. खाली आपल्या आकाराची कोरडी जागा उरते. तिला तो 'रेन शॅडो' म्हणतो, पावसाची सावली. पाऊस चालूच असेल तर ती ठिपक्याठिपक्याने भरत जाते आणि नाहीशी होते. झालं काम.

माझं काय झालं ते ऐका. पाऊस वाऱ्याबरोबर तिरका आला. कातळाला किंचित उतार आहे हे पडल्यावर कळलं, कारण पाणी डोक्याकडून पाठीखाली शिरलं. त्यात मानेवर मुंगी चढली आणि मी हललो. उठून पाहतो तर माणूस कुठला, फुगलेल्या उशीसारखा एक डाग. डोक्याचा पत्ताच नाही.

पण धागा काढायचं कारण ती पडून काढलेली आठ-दहा मिनिटं. तोंडावर थेंब येतात म्हणून डोळे मिटावेच लागतात. मग नुसतं ऐकायचं. आधी दूरच्या झाडावर, मग गवतावर, मग कातळावर आणि शेवटी स्वतःच्या छातीवर. चारही आवाज वेगळे. पावसाच्या लेखी मी आणि कातळ सारखेच, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगाला कळलं.

तर उघड्यावर केलेली, माणसाचं शरीर आणि निसर्ग यांच्या नात्याशी झटणारी कोणती कामं तुम्हाला ठाऊक आहेत? भावलेली, न पटलेली, दोन्ही सांगा. फक्त चौथऱ्यावरचे पुतळे नकोत. बागेत नेऊन ठेवलं म्हणून शिल्पाचं झाडांशी नातं जुळत नाही.

सावलीचाफा | सोमवार, रात्री ९:३०

रुमाल टाकून ठेवतेय. उद्या सविस्तर लिहिते. मुंगीपाशी फार हसले.

अर्धवटराव | सोमवार, रात्री १०:०५

छान धागा. म्हणूनच एक काडी टाकतो.

१९६७ साली रिचर्ड लाँग हा २२ वर्षांचा कलाशाळेचा विद्यार्थी इंग्लंडात विल्टशरमधल्या एका कुरणात गेला आणि एकाच सरळ रेषेत येरझाऱ्या घालत राहिला. गवत दबलं, उन्हात ती रेघ चकाकली, त्याने फोटो काढला आणि घरी गेला. 'अ लाइन मेड बाय वॉकिंग' म्हणून ते काम आज कलेच्या इतिहासात आहे. गवत काही दिवसांत उठून उभं राहिलं असणार. उरला काय तर काळापांढरा फोटो. मग कलाकृती कुठली? चालणं, रेघ की फोटो?

माझं मत विचाराल तर फोटो. निसर्ग हा मागचा पडदा. तुमच्या गोल्ड्सवर्दीचंही तेच. फोटो नसता तर तुम्हाला ते कळलं असतं का?

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०:२२

कळलं नसतं, मान्य. पण त्या फोटोत लाँग कुठेही नाही हे बघा. त्याच्या शरीरातलं फक्त वजन तिथे आहे. वजन गुणिले फेऱ्या. गुरं रोज अशी वाट पाडतात, तिचं कुणी नाव घेत नाही. फरक इतकाच की गुरांना कुठेतरी जायचं असतं.

बियाणं | मंगळवार, सकाळी ७:४०

मी वनस्पतिशास्त्रवाली, त्यामुळे माझं मन जुझेप्पे पेनोनेपाशी अडकलेलं आहे. इटलीतल्या गारेस्सिओ गावचा हा माणूस, जन्म १९४७. विशीच्या उंबरठ्यावर, १९६८ मध्ये, तो गावाजवळच्या रानात गेला आणि कोवळ्या झाडांशी खेळायला लागला. एका झाडाच्या बारीक खोडावर त्याने स्वतःच्या हाताची धातूची प्रतिकृती बसवली. मूठ खोडाला धरून आहे अशी. कामाच्या नावाचा अर्थ साधारण असा: 'ते वाढत राहील, फक्त या जागी सोडून'. एवढं करून तो बाजूला झाला. पुढचं काम झाडाने केलं. खोड जाड होत गेलं, बोटांभोवती फुगलं, साल हातावर चढली. काही वर्षांनंतरचे फोटो बघताना पोटात कसंतरी होतं. कोणी कोणाला धरलंय तेच समजेनासं होतं.

मला आवडतं ते हे की झाड त्या हाताला 'विरोध' करत नाही. अडथळा आला की गिळायचा, ही खोडाची जुनी रीत. कुंपणाची तार, पाटीचा खिळा, सगळं तसंच पोटात जातं. पेनोनेने झाडाला नवीन काही शिकवलं नाही, झाडाला जे येतंच होतं त्यात आपला हात घातला.

टिवल्याबावल्या | मंगळवार, सकाळी ८:१५

शंका. म्हणजे आता तो हात झाडाबरोबर वीसेक फूट वर गेला असेल ना?

बियाणं | मंगळवार, सकाळी ८:३१

नाही! हा गोड गैरसमज सगळ्यांचा असतो. झाड उंच होतं ते शेंड्यांकडून. खोड वाढतं ते फक्त जाडीत, सालीच्या आतल्या एका पातळ जिवंत थरातून. खांद्याच्या उंचीवर खिळा ठोकलात तर पन्नास वर्षांनीही तो त्याच उंचीवर सापडतो, फक्त आत गेलेला. म्हणजे हात १९६८ मध्ये त्या तरुणाच्या उंचीला होता, तिथेच राहतो. माणूस म्हातारा होतो, झाड जाड होतं, उंची तीच. पेनोनेला हे नक्की माहीत होतं, कारण पुढे त्याने उलटंही करून दाखवलं. मोठ्या लाकडी तुळया घेऊन वर्षागणिकची कडी एकेक करून कोरून काढली आणि आतलं बारकं, लहानपणचं झाड फांद्यांसकट मोकळं केलं. ते काम घरातलं आहे, धाग्याबाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

सावलीचाफा | मंगळवार, दुपारी १:१०

आले. आना मेंदिएताबद्दल लिहायचं होतं.

१९४८ मध्ये हवानात जन्म. १९६१ मध्ये, बारा वर्षांची असताना, आईवडिलांना मागे ठेवून तिला आणि बहिणीला क्युबातून अमेरिकेत पाठवलं गेलं. तशी हजारो मुलं पाठवली गेली होती. आयोवातल्या अनाथाश्रमांत आणि परक्या घरांत वाढली. हे आधी सांगते, कारण ते कळल्यावर तिचं काम वेगळंच दिसायला लागतं.

१९७३ मध्ये मेक्सिकोत, ओआखाकातल्या यागुल इथे, एका प्राचीन सापोतेक कबरीत ती विवस्त्र पडून राहिली. अंगावर पांढरी फुलं. फोटोत वाटतं की फुलं तिच्या अंगातूनच उगवली आहेत. तिथून 'सिलुएता' ही मालिका सुरू झाली आणि १९८० पर्यंत चालली. 'सिलुएता' म्हणजे बाह्याकृती. आधी ती स्वतः असायची. पुढे ती उठून गेली आणि तिच्या मापाचा आकार तेवढा राहिला. चिखलात खणलेला, गवतात दाबलेला, बर्फात, दगडगोट्यांत, बंदुकीची दारू भरून पेटवलेला. एकदा समुद्रकाठच्या वाळूत आकृती खणून तिच्यात लाल रंग भरला आणि येणाऱ्या लाटांना तो नेऊ दिला. एका कामात ती अंगभर चिखल माखून एका थोराड झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, हात वर करून उभी आहे. डोळे नसते तर दिसलीच नसती.

पाऊलवाट, तुमचा कोरडा डाग वाचला आणि मला हीच आठवली. पण एक फरक वाटतो. गोल्ड्सवर्दीची सावली हलकी आहे, खेळकर. मेंदिएता पडते तेव्हा ती 'ही माती मला घेईल का?' असं विचारतेय असं वाटतं. ज्याला गाव आहे तो जमिनीवर गंमत म्हणून आडवा होतो. जिचं गाव सुटलंय तिचं आडवं होणं गंमत उरत नाही. १९८१ मध्ये ती क्युबात परत जाऊन हारुकोच्या चुनखडीच्या गुहांमध्ये स्त्री-आकृती कोरून आली. त्यांना तिथल्या मूळच्या ताइनो लोकांच्या देवतांची नावं दिली. आणि वयाच्या ३६ व्या वर्षी गेली.

अर्धवटराव, तिचेही फोटो आणि छोट्या फिल्मच उरल्या आहेत. पण त्यांना 'मागचा पडदा' म्हणून दाखवाच.

अर्धवटराव | मंगळवार, दुपारी २:०२

नाही म्हणत. मेंदिएतापुरती काडी मागे घेतो.

खारावारा | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर जाऊन आलेय, लिव्हरपूलजवळ. अँटनी गॉर्मलीचं 'अनदर प्लेस'. ओतीव लोखंडाची १०० माणसं, सगळी समुद्राकडे तोंड करून, साधारण ३ किलोमीटर किनाऱ्यावर पसरलेली. काही जवळ, काही पार एक किलोमीटर आत. सगळी गॉर्मलीच्याच शरीराच्या साच्यांवरून केलेली. साचे काढताना त्याची बायको त्याला प्लास्टरच्या पट्ट्यांत गुंडाळायची आणि ते घट्ट होईपर्यंत हा निश्चल. (मुंगीचं काय करत असेल?) एकेक पुतळा ६५० किलोचा. १९९७ पासून जर्मनी, नॉर्वे, बेल्जियम करत २००५ मध्ये इथे आले. मच्छीमार, नावाडी, पक्षीनिरीक्षक असे बऱ्याच जणांचे आक्षेप होते, तरी २००७ मध्ये कायमचे ठेवायचं ठरलं.

मी गेले तेव्हा ओहोटी होती. फोटोत सगळे एकसारखे दिसतात आणि मला भीती होती की कंटाळा येईल. पण जवळ गेल्यावर एकही दुसऱ्यासारखा नाही. वरच्या वाळूतले नुसते गंजलेले, लाल. खालच्यांच्या कमरेपर्यंत बार्नॅकलचं, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या समुद्री जिवांचं, खडबडीत कवच. आणखी खालचे तर चेहऱ्यापर्यंत शैवालाने माखलेले. समुद्राची पातळी त्यांच्या अंगावर लिहिलेली आहे. कुणी एकाला टीशर्ट घातला होता, तोही छान भिजला होता.

मग भरती यायला लागली. आधी दूरचे गेले. घोटे, गुडघे, छाती. आपल्याला माहीत असतं की लोखंड आहे, तरी मान बुडते तेव्हा माझा श्वास अडकला. शेजारच्या एका लहान मुलाने आईला विचारलं, तो हात का नाही हलवत?

अर्धवटराव | मंगळवार, रात्री ८:४५

वर्णन सुरेख. पण मला गॉर्मली झेपत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्येही हाच माणूस १०० वेळा. सगळे बरोबर २,०३९ मीटर उंचीवर, १५० चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेले. लंडनच्या छपरांवर हाच. अहो, डोंगराने काय पाप केलंय? जिथे जावं तिथे एक उंच गोरा पुरुष क्षितिजाकडे बघत उभा. निसर्गाशी नातं वगैरे ठीक, पण शरीर कायम त्याचंच का?

खारावारा | मंगळवार, रात्री ९:०१

मुद्दा खरा आहे. पण आल्प्समधले दोन वर्षांनी काढले. आणि ऑस्ट्रेलियातल्या लेक बॅलर्डच्या मिठाच्या पठारावर (२००३) जवळच्या मेंझीस गावातल्या माणसांचे स्कॅन घेऊन ५१ आकृत्या उभ्या केल्या. काडीसारख्या बारीक. तिथे तो स्वतः नाही.

टिवल्याबावल्या | मंगळवार, रात्री ९:१८

धागा उघड्यावरच्या कलेचा आणि अजून कोणी उघडंनागडं आलं नाही? (मेंदिएता सोडून.) तो छायाचित्रकार स्पेन्सर ट्युनिक विवस्त्र गर्दीचे फोटो काढतो, त्याचे ते शेकडो लोक कुठे गेले? ह. घ्या.

सावलीचाफा | मंगळवार, रात्री १०:११

हलकंच घेते, पण उदाहरण जड आहे. ट्युनिकच्याच फोटोसाठी ऑगस्ट २००७ मध्ये स्वित्झर्लंडच्या आलेच हिमनदीवर सुमारे ६०० माणसं कपड्यांशिवाय उभी राहिली, वितळणाऱ्या बर्फाकडे लक्ष वेधायला. ग्रीनपीसबरोबरचा उपक्रम. जाहिरात आहे असं म्हणणारे म्हणोत. पण फोटोत बर्फ अवाढव्य आणि त्वचा इतकी उघडी की 'आधी कोण संपणार' हा प्रश्न आपोआप पडतो.

मला मात्र गर्दीपेक्षा लॉरा अग्विलार जवळची. लॉस एंजेलिसकडची मेक्सिकन वंशाची छायाचित्रकार, १९५९ ते २०१८. देहाने खूप जाड. १९९६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जाऊन तिने स्वतःचे विवस्त्र फोटो काढले. पाठ कॅमेऱ्याकडे, अंग मुडपून, शेजारी तशीच गोल शिळा. क्षणभर कोणता दगड आणि कोणती ती हे कळत नाही. शहरात ज्या शरीराकडे लोक वळून वळून बघतात, ते तिथे दगडांच्या मेळ्यात चपखल बसलेलं आहे. अर्धवटराव, 'शरीर कोणाचं' याचं उत्तर मला तिथे मिळालं.

बियाणं | मंगळवार, रात्री १०:३०

त्वचेवरून आठवलं. डेनिस ओपनहाइम, १९७०. समुद्रकिनाऱ्यावर उन्हात पाच तास उघडा पडून राहिला, छातीवर एक उघडं पुस्तक. उठला तेव्हा पुस्तकाखालचा भाग गोरा आणि बाकी अंग भाजून लाल. आधी-नंतरचे दोन फोटो. इथे त्याने जमिनीवर काही केलं नाही, सूर्याने त्याच्यावर केलं. अंगाचाच फोटोचा कागद. पाऊलवाट, तुमच्या कातळाचं उलटं प्रकरण. (घरी करून बघू नका, भाजलेली कातडी ही काही कला नाही.)

जुना_खडू | बुधवार, सकाळी ६:५०

सगळं वाचलं. परदेशी नावांची यादी बघून एक जुनं काम पुढे करतो. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर. विंध्यगिरीच्या माथ्यावर, आभाळाखाली, अखंड ग्रॅनाइटातून कोरलेला, सुमारे ५७ फूट. दहाव्या शतकाच्या अखेरीचा. उंचीबद्दल सगळे बोलतात, मला पायांबद्दल बोलायचं आहे.

गोमटेश्वर म्हणजे जैन परंपरेतला बाहुबली. तो वर्षभर एकाच जागी ध्यानात उभा राहिला, अशी कथा. हलला नाही, म्हणून पायांशी वारुळं झाली, त्यांतून साप डोकावतात आणि वेली पायांवरून मांड्यांवर, तिथून दंडापर्यंत चढल्या आहेत. शिल्पकाराने हे सगळं कोरलंय. उघड्या शरीरावर कपडा नाही, दागिना नाही, आहे ती फक्त वेल. आणि वरचा चेहरा असा की याला वेलीचं ओझंही नाही आणि कौतुकही नाही. निश्चल राहिलं की निसर्ग माणसाला आपला आधार समजायला लागतो, हे हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात सांगून ठेवलंय. तुमच्या पेनोनेचा हात झाडाला धरतो, इथे वेल माणसाला धरते.

अवांतर: त्याच पायांशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' ही ओळ कोरलेली आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत ती गणली जाते. तेव्हा वारूळ, वेल आणि मराठी, तिन्ही त्याच्या पायाशीच.

पाऊलवाट | बुधवार, सकाळी ७:३५

खडूकाका, दंडवत. वेल बघितली होती, पण 'तो हलला नाही म्हणून' ही बाजू डोक्यात आलीच नव्हती. मी एका मुंगीला हरलो.

खेकडा | बुधवार, दुपारी १२:४०

गंमत जंमत खूप झाली, आता एक तक्रार. निसर्गाशी नातं सांगत निसर्गाचीच वाट लावणारी कामं काही कमी नाहीत. मायकल हायझरने १९६९ मध्ये नेवाडाच्या पठाराच्या कडेला दोन प्रचंड चर खणले, 'डबल निगेटिव्ह'. २,४०,००० टन खडक हलवला. आत उतरलं की माणूस किती लहान ते कळतं म्हणे. ते तर पठाराकडे बघूनही कळत होतं! आणि हल्ली जो उठतो तो ओढ्यात दगडांवर दगड रचून फोटो टाकतो. दगडाच्या ओल्या बाजूला किड्यांच्या अळ्या चिकटून असतात, दगड उचलला की त्या गेल्या.

याउलट एक नाव आदराने घेतो. जेसन डीकेअर्स टेलर. २००६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाजवळ त्याने समुद्राच्या तळाशी शिल्पं ठेवायला सुरुवात केली. हातात हात घालून बाहेर तोंड करून गोल उभी मुलं, हे त्यांतलं सगळ्यांत माहीत असलेलं. मग २०१० मध्ये मेक्सिकोत कानकूनजवळ ४०० हून जास्त माणसांचा जमाव, खऱ्या माणसांच्या साच्यांवरून. सिमेंट मुद्दाम सागरी जीवांना मानवेल असं निवडलेलं, पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला, म्हणजे प्रवाळाला पाय रोवता येतात. शिवाय पाणबुडे पर्यटक या शिल्पांकडे वळले की खऱ्या प्रवाळावरचा ताण तेवढा कमी, हाही हिशेब. चेहऱ्यांवर स्पंज उगवलाय, डोळ्याच्या जागी काहीतरी जांभळं. पहिल्यांदा बघताना दचकायला होतं.

सावलीचाफा | बुधवार, दुपारी १:२५

म्हणजे सिमेंट समुद्रात टाकलेलं चालतं, पण दगड उचललेला चालत नाही?

खेकडा | बुधवार, दुपारी १:४०

कोणी राहायला येतं की कोणाचं घर मोडतं, एवढंच बघतो मी. नावच खेकडा आहे माझं.

खारावारा | बुधवार, दुपारी ३:१५

एक प्रश्न. ज्यात शरीर दिसतच नाही, पण बघणाऱ्याचं शरीर लागतं, ते धरायचं का? नॅन्सी होल्टचे 'सन टनेल्स', युटाच्या वाळवंटात, १९७३ ते ७६. काँक्रीटच्या चार नळ्या, प्रत्येक साडेपाच मीटर लांब, आत माणूस ताठ उभा राहील एवढ्या उंच. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसांच्या आसपास उगवता-मावळता सूर्य बरोबर नळीत येतो. वर भोकं आहेत, तारकासमूहांच्या आकारात. ऊन आत आलं की दिवसाढवळ्या तारे आपल्या अंगावर पडतात. एवढ्या उजाड मोकळ्या रानात डोळा कुठे ठरत नाही, तो ठरवायला नळी.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी ३:३०

धरायचं. मी तर म्हणेन तेच पहिलं धरायचं.

बियाणं | गुरुवार, सकाळी ८:०५

पाऊलवाट, दुसरा प्रयत्न करणार असाल तर थोडं तांत्रिक. जमीन ओली झाली की गडद का दिसते? पाणी बारीक छिद्रांत भरतं, प्रकाश आतल्या आत फिरत राहतो आणि डोळ्यापर्यंत कमी परततो. म्हणून गुळगुळीत कातळ नको, खरबरीत, धुरकट, कोरडा ठणठणीत दगड हवा. सपाट. सरींपेक्षा भुरभुर बरी. गोल्ड्सवर्दीने शहरातल्या फरसबंदीवरही केलंय, तेव्हा टेकडीचाच हट्ट नको. आणि मुंगी बघून झोपा.

पाऊलवाट | रविवार, रात्री ८:५०

झालं!

काल संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा मुलीला (वय ९) घेऊन गेलो. ती वरून फोटो काढणार असं ठरलेलं. बियाणंताईंच्या सूचनेप्रमाणे जागा आधी हेरून ठेवली होती. भुरभुर सुरू झाली, मी आडवा झालो. दोन मिनिटांत बाईसाहेब फोन खिशात टाकून माझ्या शेजारी आडव्या. 'मलापण सावली पाहिजे.' मग काय बोलणार. दोघं पडून राहिलो. तिला मुंगी चावली, तरी ती हलली नाही. फक्त 'बाबा मुंगी' एवढं म्हणाली.

उठताना तिने टुणकन उडी मारली. माझे गुडघे कुरकुरले, तळहात टेकून उठावं लागलं, त्यामुळे माझ्या आकृतीच्या बाजूला दोन ओले पंजे उमटले. पण आकृती होती! डोकं, खांदे, पाय, सगळं. तिची शेजारी, छोटी, दोन वेण्यांसकट. कडा इतक्या रेखीव की मी थक्क झालो. माझ्या छातीवर पहिले ठिपके पडले, मग तिच्या पोटावर. मिनिटभरात दोघं खडकात मिसळलो.

फोन खिशात भिजला होता. चालू झाला तोवर दगड सगळीकडे सारखाच काळा. एकही फोटो नाही.

अर्धवटराव, आता बोला.

अर्धवटराव | रविवार, रात्री ९:०४

पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. पुढच्या पावसाला कुठे भेटायचं तेवढं कळवा.

पाऊलवाट | रविवार, रात्री ९:१०

कळवतो. कोरडे कपडे आणा. चटई आणू नका.